जन्मतारीख कुठं लिहिली आहे?

तुमचं मूल कधी जन्मलं, असं विचारलं तर तुम्ही काय सांगता? "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." "ओढ्याला पूर आला त्या रात्री." घरात आजी असते. तिला सगळं पाठ असतं.

पण ज्या मुलाला घरच उरलं नाही, त्याच्यासाठी हे कोण लक्षात ठेवणार? बालगृहात अशी मुलं येतात. कुणी एस.टी. स्टँडवर सापडलेलं, कुणाचे आईबाप वारलेले. सोबत कागद नसतो. मग डॉक्टर दात बघतात, हाडांचे फोटो काढतात आणि अंदाजानं वय ठरवतात. अंदाज तो अंदाजच. वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो.

पूर्वी शाळेत मास्तर सरसकट १ जून ही तारीख घालीत. म्हणून गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो! त्याचं आपल्याला हसू येतं. बालगृहातल्या पोराला मात्र हसू येत नाही. तिथं सहसा अठरा वर्षं पुरी होईपर्यंतच राहता येतं. सोळा वर्षांच्या पोराचं वय अठरा लागलं, तर शाळा अर्धी टाकून त्याला बोचकं उचलायची पाळी येते. आणि मुलीचं वय जास्त लागलं, तर तिचं कोवळ्या वयातलं लग्नसुद्धा कागदावर कायदेशीर दिसतं.

यावर उपाय आपल्याच गावात आहे. १९६९ सालच्या कायद्यानं प्रत्येक जन्माची नोंद झालीच पाहिजे. २१ दिवसांत कळवलं, तर पैसे पडत नाहीत. वर्ष उलटलं, तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. मुलाचं नाव ठरलं नसलं तरी अडत नाही, ते मागाहून घालता येतं. बापाचं नाव सांगायचं नसेल, तरी एकट्या आईला दाखला नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली तसं स्पष्ट सांगितलं आहे. टाकून दिलेलं तान्हं मूल सापडलं, तर गावच्या प्रमुखाला कळवायचं. त्याची नोंद करवणं हे त्या प्रमुखाचं काम आहे, उपकार नव्हेत.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळेत घालताना, पुढं मतदार यादीत नाव घालताना, जन्मतारखेला जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो.

तेव्हा नात्यातलं, शेजारचं पोरकं मूल संस्थेत पाठवायची वेळ आली, तर ग्रामपंचायतीतून दाखल्याची प्रत काढा आणि त्याच्यासोबत द्या. दाखला नसेल, तर मूल कोणत्या गावी, कोणत्या दवाखान्यात जन्मलं, तेवढं तरी तिथं लिहून द्या. त्यावरून जुनी नोंद शोधता येते.