आठ घंटा, आठ दोर

रविवारीं घंटा वाजली कीं घरोघर मुलांची धांदल उडते; ती वाजवितो कोण, ही चौकशी मात्र सहसा होत नाहीं. आमच्याकडे बहुधा एक घंटा, एक दोर व एक माणूस. इंग्लंडांत मात्र घंटा वाजविणें ही अनेकांनीं मिळून साधावयाची विद्या आहे, आणि ती गणिताच्या इतकी जवळची आहे कीं तिची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस सांगावीशी वाटते.

तेथील मनोऱ्यांत बहुधा सहा किंवा आठ घंटा असतात. प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकास जोडलेली असून त्या चाकावरून दोर खालीं येतो. आरंभीं झोके देत देत घंटा उलटी, म्हणजे तोंड वर करून उभी करितात. मग दोर ओढला कीं ती पूर्ण वर्तुळ फिरून पुन्हां तोंड वर करिते, आणि त्या फेऱ्यांत लोळा एकदांच आदळतो. एवढें वजन मनास येईल तेव्हां थांबवितां येत नाहीं, म्हणून या रीतीनें गाण्याची चाल वाजत नाहीं. फार तर पुढील फेऱ्यांत शेजारच्या घंटेशीं जागा बदलतां येते. या अडचणींतूनच कला निघाली!

तीन घंटांचे क्रम ६, चारांचे २४, सातांचे ५०४०. भास्कराचार्यांच्या लीलावतींतील अंकपाश ज्यांनीं वाचला असेल त्यांस हें नवें नाहीं. वादकांचा नियम असा कीं, एकही क्रम दुसऱ्यांदा येऊं नये, आणि समोर कागद नसावा. ५०४० क्रमांस सुमारें तीन तास लागतात. नॉर्विच येथें २ मे १७१५ रोजीं हें प्रथम बिनचूक साधलें. आठ घंटांचे सर्व ४०,३२० क्रम लफबरो येथील टेलर यांच्या घंटांच्या कारखान्यांतील मनोऱ्यांत १९६३ सालीं आठ जणांनीं वाजविले. सुमारें अठरा तास कोणीही आपला दोर दुसऱ्याच्या हातीं दिला नाहीं.

या क्रमरचनांस ठराविक नांवें आहेत व त्या सर्वत्र सारख्याच आहेत. त्यामुळें परगांवचा वादक मनोऱ्यांत आला, रचनेचें नांव ऐकलें, कीं तो तत्काळ दोर धरूं शकतो. सुटीच्या दिवशीं वादकांच्या टोळ्या गांवोगांव मनोरे पाहत हिंडतात. मोठें वादन झाल्यास कोणी कोणती घंटा वाजविली हें फळ्यावर लिहून भिंतीस लावितात. त्यांत गांवकरी व पाहुणे एकाच ओळींत असतात.

परंतु गांवचे हात सरले तर पाहुणे किती दिवस पुरणार? पहिल्या महायुद्धांत सुमारें १४०० वादक कामास आले. दुसऱ्यांत, जून १९४० पासून, शत्रु उतरल्याची सूचना देण्याखेरीज घंटा वाजविण्यास सरकारनें मनाई केली. ती १९४३ सालीं उठली. तितकीं वर्षें नव्या मुलांस उघड्या घंटेवर शिकवितां आलें नाहीं. २०१८ सालीं, युद्धसमाप्तीस शंभर वर्षें झालीं तेव्हां, गेलेल्यांच्या जागीं १४०० नवे वादक तयार करण्याचा उपक्रम तेथें झाला. आम्हांस हें स्मारक दगडी स्तंभाहून अधिक योग्य वाटतें.

असा संच पाहावयास विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. पुण्यास पंचहौदाच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यांत आठ घंटा आहेत, आणि त्याहि लफबरोच्या त्याच कारखान्यांत ओतलेल्या. तेथें जाणाऱ्या मुलांनीं मनोऱ्याची उंची अवश्य पाहावी. परंतु आठ दोरांस एकाच वेळीं किती शिकलेले हात लागतील, हेंहि तेथें उभें राहून मोजावें.