हौशी घोडेमालकाचा उन्हाळा

महाराष्ट्रांत घोडा विकत घेण्याचा हंगाम एका ऋतूंत येतो आणि तो सांभाळण्याची कसोटी दुसऱ्या ऋतूंत लागते. तापीच्या कांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीस मोठी यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजारही तेव्हांच भरतो. मार्गशीर्षाची थंडी असते, जनावराच्या अंगावर तकाकी असते, आणि एखादा शेतकरी, एखादा दुकानदार किंवा एखादा शाळामास्तर वर्षानुवर्षें मनांत बाळगलेली हौस तेथें पुरी करून घेतो. घोडा घरीं येतो. घरांतील वडील माणसें त्यास ओंवाळतात, गल्लींतील मुलें भोंवतीं जमतात. तीन-चार महिने कौतुकांत निघून जातात. मग चैत्र उजाडतो, विहिरीचें पाणी खोल जातें, आणि हौस व जबाबदारी यांतील अंतर मालकास प्रथमच कळूं लागतें.

पूर्वीच्या सरदारांच्या पागेंत घोड्यामागें मोतद्दार असे, चंदीचा हिशेब ठेवणारा कारकून असे आणि दुखण्याखुपण्यासाठीं शालिहोत्र जाणणारा माणूस असे. हौशी मालकाजवळ यांपैकीं कोणीच नसतें. खरारा त्यानेंच करावयाचा, लीद त्यानेंच उचलावयाची आणि हें सर्व आटोपून आपल्या पोटाच्या धंद्यास वेळेवर लागावयाचें. त्याचें ज्ञान कांहीं वडिलांकडून आलेलें, कांहीं बाजारांत ऐकलेलें. हिवाळ्यांत एवढ्यावर भागतें. उन्हाळ्यांत भागत नाहीं, कारण उन्हाळ्यांतील चूक जनावराच्या जिवावर बेतते.

घोड्यास ऊन इतकें कां बाधतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. काम करतांना स्नायूंत जी शक्ति खर्च होते, तिचा थोडाच भाग चालींत उतरतो. मोठा भाग उष्णतेच्या रूपानें अंगांतच सांठतो. घोड्याचा देह मोठा, पण त्या मानानें कातडीचा पृष्ठभाग लहान, आणि कुत्र्याप्रमाणें धापा टाकून सगळी उष्णता बाहेर घालविणें त्यास साधत नाहीं. त्याचा मुख्य आधार म्हणजे घाम. कडक उन्हांत जोराचें काम पडल्यास घोड्याच्या अंगांतून तासाला १० ते १५ लिटर घाम जाऊं शकतो. खोगिराखालीं व मांड्यांमध्यें जो पांढरा फेंस दिसतो, तो त्या घामांतील एका प्रथिनामुळें होतो. त्याच्या योगानें घाम दाट केसांतून पसरतो आणि लवकर वाळतो.

परंतु या घामांत एक खोड आहे. माणसाच्या घामांत मीठ रक्ताहून कमी असतें; घोड्याच्या घामांत तें रक्ताइतकें किंवा त्याहूनही अधिक असतें. तहानेची जाणीव रक्त दाट व खारट झाल्यानें होते. घोड्याचें पाणी आणि मीठ दोन्हीं बरोबरच निघून गेल्यामुळें ही जाणीव त्यास वेळेवर होत नाहीं. म्हणूनच घामानें निथळलेला घोडा कधीं कधीं पाण्याकडे पाहतही नाहीं, आणि मालक समजतो कीं, त्यास तहानच नाहीं! अशा जनावरास रोज मीठ दिलें पाहिजे. विश्रांतींत असलेल्या घोड्यास दिवसाला सुमारें ३० ग्रॅम मीठ चंदींतून द्यावें; घाम अधिक गेल्यास तें वाढवावें आणि शेजारीं ताजें पाणी सदैव असावें.

काम केव्हां द्यावें यासाठीं जाणकार लोक एक सोपा हिशेब सांगतात. हवेचें फॅरनहाइट अंशांतील तपमान आणि हवेंतील आर्द्रतेचा शेकडा यांची बेरीज करावी. ती १३० च्या आंत असेल तर घाम चांगला वाळतो. १५० च्या पुढें अडचण सुरू होते. १८० च्या पुढें तर काम बंदच ठेवावें. मुंबईंत ९१ अंश तपमान आणि ७० टक्के आर्द्रता असली म्हणजे बेरीज १६१ होते. खानदेशांत १०६ अंश आणि १५ टक्के मिळून १२१ च होतात. यावरून मुंबई-कोंकणांतील दमट हवेंत घोडा लवकर कां थकतो, हें ध्यानांत येईल. अशा हवेंत कांहीं घोड्यांचा घाम हळूहळू बंदच होतो. अंग कोरडें राहतें, श्वास मात्र वाढतो. असें जनावर ताबडतोब पशुवैद्यास दाखवावें.

तथापि या बेरजेवर विसंबून खानदेशांतील मालकानें दुपारीं खोगीर कसूं नये. तिच्यांत सूर्याचा प्रत्यक्ष ताप आणि तापलेली जमीन यांचा हिशेब नाहीं. शिवाय १०६ अंशांची हवा घोड्याच्या अंगाहूनही अधिक तापलेली असते. आणि कोरड्या वाऱ्यानें घाम इतक्या झपाट्यानें वाळतो कीं, बादलीभर पाणी गेलें तरी अंग कोरडेंच दिसतें. न दिसणारा तोटा हाच अधिक धोक्याचा.

म्हणून उन्हाळ्यांत हौशी मालकाचा दिवस पहांटे साडेचारास सुरू होतो. संध्याकाळीं सूर्य मावळला तरी जमीन व भिंती कढत असतात. खरा गारवा पहांटेसच. प्रथम दहा मिनिटें नुसती चाल, मग थोडी दुडकी, मधून मधून पुन्हां चाल, आणि परततांना शेवटचा टप्पा लगाम सैल सोडून. तासाभराची एवढी रपेट पुरे. भरधाव दौड पावसाळ्यानंतरसाठीं राखून ठेवावी.

परतल्यावर घामेजलेल्या घोड्यास गार पाणी लागूं देऊं नये, त्यानें स्नायू आंखडतात, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपूर्वीं, तेथील उष्ण व दमट हवेंत घोडे कसे टिकतील या विवंचनेंतून संशोधकांनीं याची कसून परीक्षा केली. भरपूर गार पाणी अंगभर ओतल्यास घोडा झपाट्यानें निवतो आणि त्यास अपाय होत नाहीं, असें आढळून आलें. मान, छाती, पाठ व मांड्या यांवर पाणी ओतावें, आणि जनावर सांवलींत व वाऱ्यांत चालवावें. पिण्याचें पाणीही रोखून धरूं नये. पाण्याची टंचाई असेल तेथें ओल्या फडक्यानें अंग पुसून पंख्याचा वारा दिला तरी पुष्कळ काम होतें.

पिण्याच्या पाण्याचा हिशेब मालकानें पक्का ठेवावा. सुमारें ४०० किलो वजनाचा घोडा विश्रांतींत असतांना दिवसाला साधारण २० ते २५ लिटर पाणी पितो. उन्हाळ्यांत काम पडल्यास हाच आंकडा दुप्पट होतो. हौदापेक्षां बादलीनें पाणी पाजण्यांत एक लाभ आहे: किती प्यालें तें मोजतां येतें. पाणी कमी झालें कीं, दोन दिवसांनीं काय वाढून ठेवलें आहे, हें अनुभवी मालक ओळखतो.

कारण पाण्याचा संबंध वैरणीशीं आहे. उन्हाळ्यांत हिरवा चारा संपतो आणि ज्वारीचा वाळलेला कडबा तेवढा उरतो. घोड्याची वैरण मुख्यतः मोठ्या आंतड्यांत आंबून पचते, आणि त्यासाठीं पाणी विपुल लागतें. कोरडा कडबा आणि अपुरें पाणी अशी गांठ पडली कीं, वैरणीचा गोळा आंतड्यांत अडकतो व पोटशूळ उठतो. घोड्यास उलटी होऊं शकत नाहीं, हें येथें विसरतां कामा नये. यासाठीं कडबा बारीक कापावा, पाणी शिंपडून ओलसर करावा, आणि थोडा थोडा करून चार-पांच वेळां द्यावा. लसूणघासाचा एखादा वाफा राखतां आल्यास सोन्याहून मोलाचा. ज्वारीच्या खोडांस वळवाच्या सरीनंतर जे कोंवळे हिरवे फुटवे येतात, त्यांस मात्र जनावर लावूं नये. शेतकरी ज्यास किराळ लागणें म्हणतात, ती विषबाधा त्या फुटव्यांनींच होते.

चंदीच्या बाबतींत हात आंखडता घेणेंच हिताचें. काम निम्म्यावर आलें तर भिजविलेला हरभराही त्या प्रमाणांत कमी करावा. पुष्कळ मालक काम बंद ठेवून चंदी मात्र पूर्ण चालूं ठेवतात. हें प्रेम जनावरास भोंवतें. दोन दिवस पूर्ण चंदीवर उभा राहिलेला घोडा तिसऱ्या दिवशीं कामास काढल्यास त्याच्या पुठ्ठ्यांचे स्नायू एकाएकीं ताठरतात आणि लघवी काळसर होते. हें दुखणें फार वेदनेचें आहे, आणि तें सर्वस्वीं टाळण्याजोगें आहे.

तबेल्याची रचनाही दिवसाचें सुखदुःख ठरविते. हौशी मालकाचा तबेला बहुधा पत्र्याचा असतो आणि दुपारीं तो भट्टीसारखा तापतो. पत्र्यावर उंसाच्या पाचटाचा जाड थर अंथरावा, समोरासमोर वाऱ्यास वाट ठेवावी, आणि बाहेर कडुनिंबाची दाट सांवली असेल तर दुपारीं घोडा तेथेंच बांधावा. लीद दिवसांतून दोनदां तरी उचलावी, म्हणजे माशा कमी होतात. चावऱ्या माशांपासून होणारा सर्रा हा रोग घोड्यास प्राणघातक असतो. त्याचे जंतु १८८० सालीं ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें तेव्हांच्या हिंदुस्थानांत घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत शोधून काढले. खुरांकडेही लक्ष असावें. कोरड्या हवेंत खूर तडकतात. सहा-सात आठवड्यांनीं नालबंदास बोलावणें उन्हाळ्यांतही चुकवूं नये.

इतकें करूनही संकटाची वेळ येते. तेव्हां लक्षणें ठाऊक असणें हाच पहिला उपचार. निरोगी घोड्याचें तपमान सुमारें ३८ अंश सेल्सिअस असतें. विश्रांतींतही तें ४० च्या पुढें गेलें, नाकपुड्या फुलून श्वास धडधडूं लागला, घोडा झोंके खाऊं लागला, तर ऊन लागलें असें समजावें. प्रथम सांवली, मग अंगावर अखंड पाणी व वारा, आणि त्याच वेळीं पशुवैद्यास निरोप. मानेची कातडी चिमटींत धरून सोडावी. ती लगेच सपाट न होतां वळीसारखी उभी राहिली तर अंगांतील पाणी आटलें आहे. घोडा एरवीं दिवसांत आठ-दहा वेळां लीद टाकतो. ती बंद झाली, तो पायानें जमीन खरवडूं लागला, वळून वळून कुशीकडे पाहूं लागला, तर तो पोटशूळ होय. अशा वेळीं चंदी-वैरण उचलून ठेवावी. नळीनें तेल किंवा काढा घशांत ओतण्याचा गांवठी उपाय करूं नये. तें फुप्फुसांत उतरलें तर पोटाच्या दुखण्यांत दुसरें जीवघेणें दुखणें जोडलें जातें.

याहून अवघड संकट मात्र माणसांकडून येतें. वैशाख हा लग्नसराईचा महिना. गांवांत दारीं घोडा आहे म्हटल्यावर भाचा येऊन सांगतो, “मामा, वरातीला घोडा द्या. तासाभराचा तर प्रश्न आहे.” तो तास दुपारीं दोनचा असतो. खालीं तापलेला डांबरी रस्ता, पाठीवर भरजरी झूल, पुढें वाजंत्री, मागें फटाके, आणि मुहूर्त टळेपर्यंत उन्हांत तिष्ठणें. पाण्याची आठवण कोणासच नसते. नकार दिला तर नात्यांत अढी, होकार दिला तर जनावराशीं दगा. सुज्ञ मालक अशा वेळीं अटी घालतो: वरात दिवस मावळल्यावर निघावी, फटाके वाजूं नयेत, लगाम आपल्याच हातीं राहावा. एवढें कबूल नसेल तर तो आहेर दुप्पट करतो, पण घोडा देत नाहीं. भाचा वर्षभर रुसतो खरा. परंतु रुसवा निघतो, गेलेला घोडा परत येत नाहीं.

शेवटचा प्रश्न पाण्याचाच, आणि तो घोड्यापुरता नाहीं. ज्या गांवांत वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें एका जनावरासाठीं रोज चार बादल्या पाणी म्हणजे शेजाऱ्यांच्या नजरेंत सलणारी गोष्ट होय. हौस एकाची आणि हंडे दुसरीच्या डोक्यावर, असा प्रकार पुष्कळ घरांत दिसतो. त्याची लाज वाटणारा मालक आपलें पाणी आपण आणतो, घोडा धुतलेलें पाणी लसूणघासाच्या वाफ्यांत वळवितो, आणि वर्षाची लीद शेतकऱ्यास खतासाठीं देऊन बदल्यांत कडबा मिळवितो. ज्याची विहीर अगदींच आटते, तो दोन महिने घोडा पाणथळ गांवच्या पाहुण्याकडे नेऊन ठेवतो. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

मृगाची पहिली सर येते तेव्हां तबेल्यांतून बाहेर काढलेला घोडा भर पावसांत मान खालीं घालून स्वस्थ उभा राहतो, आणि दोन महिन्यांच्या जागरणानें वाळलेला मालकही शेजारीं भिजत उभा राहतो. पुढें चिखल आहे, माशा आहेत. परंतु कठीण काळ सरलेला असतो. मार्गशीर्षांत सारंगखेड्यास जाऊन घोडा घेण्याचें ज्याच्या मनांत असेल, त्यानें पैशाची पिशवी चाचपण्यापूर्वीं आपली विहीर एकदां वैशाखांत डोकावून पाहावी. तिच्या तळाशीं घोड्यापुरतें पाणी दिसलें, तर मग खुशाल यात्रेची वाट धरावी.