चौघांचा संघ, शंभर किलोमीटरची वाट
निधीसंकलनासाठीच्या दीर्घ पदभ्रमणाची पूर्वतयारी कशी करावी?

नोएडा : सामाजिक कार्यासाठी निधी उभारण्याच्या हेतूने चौघांच्या संघाने ठरलेल्या मुदतीत १०० किलोमीटर अंतर पायी पार करणे, असे ‘ट्रेलवॉकर’ या उपक्रमाचे स्वरूप आहे. १९८१ मध्ये हाँगकाँग येथे ब्रिटिश सैन्यातील गुरखा जवानांच्या सरावातून त्याचा उगम झाला. १९८६ पासून ऑक्सफॅम या संस्थेच्या सहभागाने तो नागरिकांसाठी खुला झाला. २०१२ मध्ये तो भारतात आला आणि बंगळुरू व मुंबई परिसरात त्याचे आयोजन करण्यात आले. अशा मोहिमेचे यश वाटेवर नव्हे, तर त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत ठरते. नोएडासारख्या सपाट शहरात राहणाऱ्यांना तर ही तयारी अधिक काळजीपूर्वक करावी लागते.

वेळेचे गणित

हाँगकाँगच्या मॅकलेहोज मार्गावर १०० किलोमीटरसाठी ४८ तासांची मुदत असते. म्हणजे सरासरी वेग ताशी दोन किलोमीटरहून किंचित अधिक हवा. वरकरणी हे सोपे वाटते. परंतु दहा ठिकाणी अर्धा अर्धा तास थांबल्यास पाच तास जातात, रात्री वेग मंदावतो आणि थोडी झोपही आवश्यक ठरते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर वारकरी जवळपास तीन आठवड्यांत चालतात. त्यांना रोज मुक्काम मिळतो, येथे तो मिळत नाही. या दोहोंतील मुख्य फरक हाच आहे.

सपाट शहरात चढणीचा सराव

मॅकलेहोज मार्गावर एकूण चढण सुमारे साडेचार हजार मीटर आहे. सिंहगडाची पायथ्यापासूनची चढण साधारण ६०० मीटर धरल्यास हा मार्ग साडेसात सिंहगडांइतका होतो. यमुना आणि हिंडन या नद्यांच्या मधल्या सपाट प्रदेशात वसलेल्या नोएडात टेकड्या नाहीत, मात्र उंच इमारती आहेत. एका मजल्याची उंची तीन मीटर मानली, तर वीस मजल्यांचा जिना दहा वेळा चढल्यास एका सिंहगडाची चढण पूर्ण होते. उतरताना लिफ्टचा वापर टाळावा. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. त्यामुळे सराव नसलेल्यांचे पाय बहुधा उतारावरच थकतात. महिन्यातून एकदा तरी फरिदाबाद किंवा गुरुग्रामलगतच्या अरवलीतील खुल्या वाटांवर खडकाळ जमिनीची सवय करून घ्यावी.

सरावाची सुरुवात आठवड्यातून तीन वेळा आठ ते दहा किलोमीटर चालण्याने करावी. सुटीच्या दिवशीचे अंतर क्रमाने वाढवत ४० ते ५० किलोमीटरपर्यंत न्यावे. दर तीन आठवड्यांनंतर एक आठवडा अंतर कमी ठेवावे. किमान एक फेरी रात्री, डोक्याला दिवा बांधून करावी. शेवटच्या दोन आठवड्यांत सराव निम्म्यावर आणावा.

हवा आणि ऋतू

राजधानी परिसरात मे-जूनमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो, तर नोव्हेंबर ते जानेवारी या काळात हवा दूषित असते. हवा गुणवत्ता निर्देशांक ३०० च्या वर म्हणजे ‘अतिशय खराब’ श्रेणीत गेल्यास उघड्यावरील दीर्घ सराव रद्द करून घरात व्यायाम करावा. चालण्याच्या श्रमात श्वास खोल आणि जलद होतो, त्यामुळे फुप्फुसांत जाणारे प्रदूषकही वाढतात. बुडालेला एक दिवस भरून काढता येतो, दम्याचा झटका मात्र संपूर्ण मोहीम थांबवू शकतो.

पाय, पाणी आणि अन्न

बूट नेहमीपेक्षा अर्ध्या मापाने मोठे घ्यावेत, कारण दीर्घकाळ चालल्याने पाय सुजतात. ते सरावातच वापरून रुळवावेत. सुती मोजे घाम धरून ठेवतात व त्यामुळे फोड येतात, म्हणून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घालावेत. पायाला कोठे चुरचुरू लागताच थांबून पट्टी लावावी. फोड येण्याची वाट पाहू नये.

पाणी कमी पिणे जसे घातक, तसेच तहान नसताना साधे पाणी सतत पीत राहणेही घातक असते. त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळलेली अवस्था ही त्याची लक्षणे आहेत. जलसंजीवनीची पूड पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावी. खजूर, चिक्की, केळी, दशम्या असे रोजच्या सवयीचे पदार्थ दर तासाला थोडे थोडे खावेत. वैद्यकीय सल्ल्याविना वेदनाशामक गोळ्या घेऊन चालू नये, कारण शरीरात पाणी कमी असताना त्यांतील काही गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करतात.

संघ म्हणून चालणे

चौघांनी एकत्र चालावे, हे या उपक्रमाचे मूळ तत्त्व आहे. म्हणून वेग सर्वांत मंद सदस्याचा धरावा लागतो. दिंडीचे सामान घेऊन पुढच्या मुक्कामी जाणाऱ्या वाहनाप्रमाणे येथेही साहाय्यक पथक पुढील थांब्यावर जेवण, कोरडे कपडे आणि औषधे घेऊन सज्ज असते. कोणी आणि कोणत्या लक्षणांवर माघार घ्यावी, हे निघण्यापूर्वीच ठरवून लिहून ठेवावे. रात्री तीन वाजता, सुजलेल्या पावलांनिशी हा निर्णय घेणे कठीण जाते. अनेकदा सोबत्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून दुखणे लपवले जाते आणि साधी इजा गंभीर होते.

निधीचा हिशेब

देणगी गोळा करण्यापूर्वी संबंधित संस्थेची नोंदणी आणि करसवलतीची मान्यता तपासावी. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. त्यामुळे रक्कम बँकेमार्फत थेट संस्थेकडे जाणे आणि देणगीदाराला पावती मिळणे आवश्यक आहे. प्रवास व साहित्याचा खर्च देणगीतून भागवू नये. संघ ७० किलोमीटरवर थांबला, तरी जमलेला निधी गरजूंच्या कामी येतोच. हे चौघांनीही मनाशी पक्के केले, तर वेळीच थांबण्यात कमीपणा वाटणार नाही.