लाल विंचू चावला तर घाम, उलटीकडे लक्ष द्या; महाडच्या डॉक्टरांनी शोधला उपाय

केंदूर (ता. शिरूर) : सरपण काढताना, दगड उचलताना विंचू चावतो. बऱ्याचदा नुसती आग होते. पण लाल विंचू असेल तर लहान पोराच्या जिवावर बेतू शकतं.

हे विष मज्जातंतूंना चेतवतं. अंगात ॲड्रिनलिनसारखी रसायनं एकदम सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी वाढतं. व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालवावी, तसा ताण हृदयावर येतो. हृदय थकलं की फुफ्फुसात पाणी भरतं.

रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे ओळखलं. बीपीची प्राझोसिन ही स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हे त्यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावायचे. गोळीनंतर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आलं.

पुढे महाडलाच ७० रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विंचवाची लस आणि गोळी दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

भरपूर घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही धोक्याची खूण. दुखत नाही म्हणून गाफील राहू नका. गोळी घरी देऊ नका, बीपी एकदम उतरतं. मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा.