लिनक्सवर प्रोग्राम बसविण्याच्या तीन रीती

लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा १९९१ साली प्रसिद्ध केला. या प्रणालीवर नवा प्रोग्राम बसविण्याच्या मुख्यतः तीन रीती आहेत.

पहिली रीत जुनी. प्रोग्रामची मूळ संहिता, म्हणजे माणसाने लिहिलेल्या आज्ञा, आपल्याच संगणकावर यंत्रभाषेत उतरवावयाची. यात मोकळीक पुष्कळ. परंतु लागणारे इतर भाग स्वतः शोधावे लागतात.

दुसऱ्या रीतीत हे श्रम वितरक उचलतात. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात प्रत्येक प्रोग्रामचे तयार पॅकेज असते व त्याला आणखी काय लागते याची नोंद त्यातच असते. ती वाचून ‘ॲप्ट’ हे साधन उणे भाग आणून देते. अनेक प्रोग्रामांना लागणारी लायब्ररी संगणकावर सामान्यतः एकदाच ठेवली जाते.

तिसऱ्या रीतीत प्रोग्राम आपली शिदोरी बरोबर आणतो. ॲपइमेजमध्ये प्रोग्राम व त्याचे बहुतेक भाग एकाच फाइलीत बांधलेले असतात. त्यामुळे तो निरनिराळ्या लिनक्स-वितरणांवर चालू शकतो; मात्र जागा अधिक व्यापतो.

या रीतींतील भेद दोष सापडल्यावर विशेष जाणवतो. संदेश गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. लायब्ररी सामाईक असेल, तर एक प्रत बदलून तिच्यावर अवलंबून असलेले प्रोग्राम पुन्हा सुरू केले की तो दूर होई. प्रत्येक प्रोग्रामने निराळी प्रत बाळगली असेल, तर प्रत्येक प्रत दुरुस्त करणे भाग पडे. म्हणून बसविण्याच्या सोयीबरोबरच पुढील दुरुस्तीचा भार कोणावर पडणार, याचाही विचार करणे इष्ट होय.