शिष्यवृत्ती दिली, पण घर? : बडोद्याचा धडा

गरिबाघरचं मूल कॉलेजात का पोचत नाही, हा विषय निघाला की बोलणं फीवर येऊन थांबतं. फी माफ केली की झालं, असं नसतं. आपल्या बडोदे संस्थानाचाच दाखला घेऊ.

पहिली पायरी शाळेची. बडोदा कॉलेज १८८० च्या दशकातच सुरू झालेले होते. पण खालून मुले आलीच नाहीत तर कॉलेज मूठभरांचेच राहणार. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला मोफत लागू केले.

दुसरी पायरी शिष्यवृत्तीची. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांना बडोद्याकडून दरमहा २५ रुपये मिळत. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता मंजूर झाले. अट एकच: परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. म्हणजे काय, तर राहण्याजेवण्याची सोय झाली, डोक्यावर कर्ज नाही आणि पुढची नोकरीही ठरलेली.

पण मुदत तोकडी पडली. लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना १९१७ मध्ये परतावे लागले. ते पुरे करायला १९२० मध्ये पुन्हा जावे लागले, तेही स्वतःची शिल्लक आणि शाहू महाराजांसारख्यांची मदत घेऊन.

तिसऱ्या पायरीवर तर गाडं पुरतं अडलं. १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही निघायला लावले. शेवटी त्यांनी बडोदे सोडले. दरबाराने दिलेली पदवी गावाने निरुपयोगी करून टाकली.

तेव्हा मंडळी, शिक्षणाची कोणतीही योजना आली की तीन गोष्टी विचाराव्यात. मूल कॉलेजच्या दारापर्यंत येईल इतकी शाळा पक्की आहे का? पैसा अभ्यास संपेपर्यंत पुरतो का? आणि त्याला डोकं टेकायला जागा कोण देणार? यातली एक जरी निसटली, तरी आधीच्या दोन्हींचा खर्च वाया जातो.