मस्टँग जुनी, ब्रेक नवे!

सिनेमात मस्टँग दिसली की आपण फिदा! पण 1965 ची ओरिजिनल मस्टँग अमेरिकेतल्या आजच्या हायवेवर चालवायची तर जिगर हवी. फोर्डने ही गाडी 17 एप्रिल 1964 ला बाजारात आणली. लुक भन्नाट, शिवाय 4.7 लिटरचं व्ही-8 इंजिनही मिळायचं. पण खालचा सांगाडा बराचसा फोर्डच्याच फाल्कन या साध्या फॅमिली कारचा. त्यामुळे सरळ रस्त्यावर सुसाट, वळणावर मात्र डुलणार!

यावर उपाय म्हणजे ‘रेस्टोमॉड’. रूप जुनंच, आतला माल नवा. बरेच हौशी आधी इंजिनाची ताकद वाढवतात. थांबा बॉस, आधी ब्रेक बघा! स्टँडर्ड मॉडेलला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि 1966 पर्यंत मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. म्हणून पहिला खर्च ड्युअल सर्किट सिलिंडर आणि पुढच्या डिस्क ब्रेकवर.

मग सस्पेन्शन. कॅरोल शेल्बी यांच्या 1965 च्या जीटी 350 मध्ये पुढचे वरचे कंट्रोल आर्म 1 इंच खाली बसवले होते. त्यामुळे वळताना बाहेरच्या बाजूचा टायर रस्ता घट्ट धरतो. नवी भोकं पाडून होणारं हे स्वस्तातलं काम आजही केलं जातं. जोडीला चांगले शॉक अॅब्सॉर्बर आणि रेडियल टायर. इंजिनाचा नंबर सगळ्यात शेवटी.

आणि हो, काढलेले ओरिजिनल पार्ट भंगारात देऊ नका. गाडी विकायची वेळ आली, तर त्यांचे पैसे मोजणारे शौकीन भेटतात!